इमर्जन्सीत कॅल्शियमचं इंजेक्शन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅज्युअल्टीत नवीन आलेला इंटर्न असो नाहीतर नाइटला पहिल्यांदा एकट्याने उभी राहिलेली सिस्टर, कॅल्शियमबद्दल प्रश्न फिरून फिरून तेच येतात, आणि येतात ते बहुतेक वेळा अँप्युल फोडून झाल्यावर. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. डोस मोठ्या माणसांचे आहेत, मुलांचं खाली वेगळं लिहिलंय. तुमच्याकडे लेखी प्रोटोकॉल असेल तर आधी तो, मग मी. आणि हे घरी किंवा मॉनिटर नसलेल्या खोलीत द्यायचं इंजेक्शन नाही, अंग दुखतंय, थकवा आहे म्हणून तर नाहीच नाही.

"एक कॅल्शियम दे" असं सांगितलं तर नेमकं काय द्यायचं?

काहीच द्यायचं नाही, आधी विचारायचं. "ग्लुकोनेट की क्लोराइड?" एवढंच. समोर कितीही सीनियर असला तरी विचारायचं, कारण ती अर्धवट ऑर्डर आहे.

दोन्ही १० टक्के, दोन्ही बहुतेक ठिकाणी १० मिलीमध्ये येतात, दोन्हीवर १ ग्रॅम लिहिलेलं असतं, आणि इथेच माणूस फसतो. तो १ ग्रॅम म्हणजे अख्ख्या क्षाराचं वजन, नुसत्या कॅल्शियमचं नाही. ग्लुकोनेटचा रेणू मोठा, त्यामुळे त्याच्या १० मिलीत खरं कॅल्शियम फक्त ९३ मिलिग्रॅम. क्लोराइडच्या तेवढ्याच १० मिलीत २७३ मिलिग्रॅम. मिलिमोलमध्ये बघायचं तर २.३ आणि ६.८. म्हणजे कॅल्शियमच्या हिशोबात एक क्लोराइड म्हणजे जवळजवळ तीन ग्लुकोनेट. क्लोराइड सांगितलं असताना एकच ग्लुकोनेट गेलं तर पेशंटला तिसरा हिस्सा मिळाला, आणि उलटं झालं तर तिप्पट.

पूर्ण ऑर्डर अशी असते: "कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, ३० मिली, शिरेतून, १० मिनिटांत." कोणता क्षार, किती मिली, कुठून, किती वेळात. आणि ऐकणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं. सुरुवातीला शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं, नंतर सवय होते.

क्लोराइडमध्ये तिप्पट आहे तर सगळीकडे तेच का नाही वापरत?

कारण शीर बिचारी आपली असते. रक्ताची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, २९० च्या आसपास, ग्लुकोनेटची साधारण ६८० आणि क्लोराइडची दोन हजारांच्या वर. छोट्या शिरेत ते गेलं की जळजळतं आणि बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडून गळून जाते. म्हणून क्लोराइड शक्यतो सेंट्रल लाइनमधून, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, आणि हृदय बंद पडलंय किंवा पडायच्या बेतात आहे तेव्हा मोठ्या चांगल्या शिरेतून किंवा हाडातून म्हणजे आयओ लाइनमधून. बाकी वेळी, पेशंट जागा आहे, आपल्याशी बोलतोय अशा वेळी, माझा हात ग्लुकोनेटकडेच जातो.

जाता जाता, "लिव्हर खराब असेल तर ग्लुकोनेटमधून कॅल्शियम सुटत नाही" असं अजूनही शिकवलं जातं, ते जुनं झालं. लिव्हर ट्रान्सप्लांटमध्ये पेशंटच्या शरीरात लिव्हरच नसते त्या टप्प्यातसुद्धा समान मात्रेत दोन्हींनी आयोनाइज्ड (रक्तात मोकळं असलेलं, कामाचं) कॅल्शियम सारखंच वाढलेलं दिसलंय.

पोटॅशियम वाढलंय आणि ईसीजी बदललाय, किती आणि कसं द्यायचं?

ग्लुकोनेट १० टक्के ३० मिली किंवा क्लोराइड १० टक्के १० मिली, ५ ते १० मिनिटांत, मॉनिटर लावून. काही ठिकाणी ग्लुकोनेटचे १० मिली देऊन ईसीजी बघतात आणि मग पुढचे १० देतात, तेही चालतं, फक्त मग ते "बघणं" खरंच झालं पाहिजे, पहिले १० देऊन लोक दुसऱ्या पेशंटकडे जातात आणि उरलेले राहूनच जातात.

ईसीजीत काय बघायचं (पी, क्यूआरएस, टी ही एका ठोक्यातल्या लाटांची क्रमाने नावं, पीआर म्हणजे पी ते क्यूआरएसचं अंतर) तर टोकदार उंच टी, मग पी वेव्ह चपटी होत नाहीशी होते, पीआर लांबतो, क्यूआरएस रुंद होत जातो आणि शेवटी सगळं मिळून एक लाट दिसते, तिला साइन वेव्ह म्हणतात, आणि तिथून पुढची पायरी अरेस्टची, म्हणजे हृदय बंद पडण्याची. कॅल्शियमचा परिणाम १ ते ३ मिनिटांत दिसतो. डायलिसिस चुकलेला पेशंट असेल, रुंद क्यूआरएस असेल, आणि तुम्ही सिरिंज हळूहळू दाबत स्क्रीनकडे बघत असाल तर तो क्यूआरएस तुमच्या डोळ्यांसमोर बारीक होत जातो, पी वेव्ह परत उगवते. इतकं झटपट आणि डोळ्यांना दिसेल असं काम करणारी औषधं आपल्याकडे फार नाहीत. ५ ते १० मिनिटांत फरक नाही पडला तर डोस परत द्यायचा.

म्हणजे पोटॅशियम उतरलं?

नाही! हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पोटॅशियम होतं तेवढंच आहे, कॅल्शियमने फक्त हृदयाच्या पेशींना थोडा वेळ सांभाळलंय. हा वेळ ३० ते ६० मिनिटांचा. ईसीजी सुधारला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तासाभराने तोच रुंद क्यूआरएस परत येतो.

म्हणून कॅल्शियम जात असतानाच दुसऱ्या माणसाने इन्सुलिन तयार करायचं, रेग्युलर १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, सालबुटामॉलचं नेब्युलायझेशन १० ते २० मिलिग्रॅम (दम्याला देतो त्यापेक्षा बरंच जास्त, हृदयाचा त्रास असेल तर कमीने सुरू करतात), आणि डायलिसिसवाल्यांना फोन. इन्सुलिननंतर शुगर पुढचे काही तास तपासत राहायचं, किडनी खराब असलेल्या माणसात इन्सुलिन रेंगाळतं आणि शुगर उशिरा पडते.

रिपोर्ट यायचाय, तोपर्यंत थांबू का?

ईसीजी वाईट असेल आणि पेशंटची गोष्ट जुळत असेल तर थांबायचं नाही. डायलिसिस चुकलंय, लघवी बंद आहे, ढिगाऱ्याखाली तासन्तास पाय अडकलेला होता, अशा माणसाचा क्यूआरएस रुंद दिसतोय तर लॅबचा कागद येईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. उलट पेशंट ठणठणीत, ईसीजी स्वच्छ आणि लॅब म्हणतेय पोटॅशियम ७, तर आधी सॅम्पल हेमोलाइज झालंय का, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटल्यात का, विचारा आणि परत पाठवा. पण ईसीजी नॉर्मल आहे म्हणजे पोटॅशियम नॉर्मल, असंही धरून चालू नका, तो दगा देतो कधीकधी.

स्लो पुश म्हणजे किती स्लो?

आपल्याला वाटतं त्याच्या निदान तिप्पट स्लो. गंमत म्हणून एकदा नुसतं सलाईन भरून १० मिली सिरिंज घ्या, घड्याळ न बघता "हळू" दाबा आणि कुणाला तरी वेळ धरायला सांगा, बहुतेकांची ४०-५० सेकंदांत संपते आणि ते मनापासून म्हणतात की मी हळूच दिलं.

माझी पद्धत: ३० मिली ग्लुकोनेट ५० मिलीच्या सिरिंजमध्ये, सिरिंज पंपावर, ताशी १८० मिली. दहा मिनिटांत बरोबर संपतं. पंप नसेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटाला ३ मिली. एवढी घाई नसेल, म्हणजे ईसीजी ठीक आहे आणि नुसतं कॅल्शियम कमी आहे, तर मोठ्यांना मिनिटाला २०० मिलिग्रॅमच्या वर ग्लुकोनेट जाऊ द्यायचं नाही, म्हणजे २ मिली, मुलांना त्याच्या निम्मं.

भराभर गेलं तर पेशंट म्हणतो अंगातून गरम काहीतरी गेलं, तोंडात खडूसारखी चव येते, मळमळतं, मग बीपी खाली, नाडी मंद, आणि कधी थेट बेशुद्ध. म्हणून देताना पेशंटशी बोलत राहायचं, "गरम वाटतंय का?" विचारायचं. नाडी घसरायला लागली की हात थांबवायचा. घाईत पुश करायची मुभा फक्त अरेस्टमध्ये, तिथे बीपी पडायचं काही शिल्लक नसतं.

हातावरचं कॅन्युला आहे, त्यातून देऊ?

ग्लुकोनेट देता येतं, पण आधी त्या कॅन्युलाची परीक्षा घ्या. रक्त मागे येतंय का, १० मिली सलाईन सहज जातंय का, जाताना पेशंट कळवळतो का, वर फुगवटा दिसतो का. पायावरची, टाळूवरची, मनगटाच्या आतली बारीक शीर, किंवा काल कुणीतरी दोन-तीनदा टोचून लावलेलं कॅन्युला, हे सगळं टाळायचं. कोपराच्या खोबणीतली जाड शीर बरी.

मी हे एका आजींकडून शिकले. मनगटाच्या मागे कॅन्युला, त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे, इतके की खालची कातडी दिसतच नव्हती. कॅल्शियम निम्मं गेल्यावर आजी म्हणाल्या "बाळा, हात जड झालाय गं", मी म्हटलं औषध आहे ना आजी, होतं थोडं. पट्टी काढली तेव्हा खाली लिंबाएवढी टणक सूज. जखम भरायला कित्येक आठवडे गेले आणि त्या प्रत्येक ड्रेसिंगला मला बघून हसायच्या, ते जास्त लागलं. तेव्हापासून पट्टी सुईच्या टोकावरून काढूनच कॅल्शियम सुरू करते, आणि पेशंटने "जड", "दुखतंय", "चरचरतंय" यातला एक शब्द जरी काढला तरी थांबते.

सूज आलीच तर?

लगेच बंद. कॅन्युला उपटायचं नाही, आधी त्याच्यातूनच सिरिंजने जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढायचं, मग काढायचं. हात उंच ठेवायचा, सुजेची कड पेनाने आखून वेळ लिहायची म्हणजे वाढतेय का कळतं, दाबायचं चोळायचं नाही. हायल्युरोनिडेज (साचलेलं औषध पसरून शोषलं जावं म्हणून टोचतात ते एन्झाइम) असेल तर लवकर वापरलं तर उपयोग होतो, ते ठरवायला सीनियरला बोलवा. क्लोराइड असेल किंवा कातडी पांढरी-काळी दिसत असेल तर सर्जनला त्याच दिवशी दाखवा. कधी कधी सुरुवातीला काही दिसत नाही आणि काही दिवसांनी तिथे टणक पांढरट गाठी येतात, कॅल्शियम साचून. त्यामुळे घरी जाताना पेशंटला हे सांगून ठेवायचं.

कशाबरोबर द्यायचं नाही?

सोडा बायकार्बोनेट पहिला. दोघं भेटले की कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे चक्क खडू. अरेस्टमध्ये हे हमखास होतं कारण दोन्ही औषधं एकाच गोंधळात मागितली जातात आणि लाइन एकच असते, लाइन दुधासारखी पांढरी झाली म्हणजे समजायचं काय झालंय, ती फेकून दुसरी लावायची, फ्लश करून आत ढकलायची नाही. दोन औषधांमध्ये लाइन भरपूर सलाईनने धुवायची, दोन वेगळ्या लाइन असतील तर उत्तमच.

फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट हेही एकाच सिरिंज किंवा बाटलीत नकोत. रक्त चढत असलेल्या लाइनमधून कधीच नाही, पिशवीतलं सायट्रेट ज्या कॅल्शियमला बांधून रक्त पातळ ठेवतं तेच तुम्ही परत ओतताय, लाइनमध्ये गुठळ्या होणार.

आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्यायचंच नाही, वेगळ्या लाइनमधूनही नाही, बाळांच्या फुप्फुसांत आणि किडनीत त्याचे कण साचून मृत्यू झालेले आहेत. त्यापेक्षा मोठ्यांना एकामागून एक देता येतं, मधे लाइन धुऊन, एकत्र मात्र नाही.

रिंगर लॅक्टेटमध्येही कॅल्शियम असतं का?

असतं, थोडं. त्यामुळे रक्ताचा आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा नियम त्यालाही लागतो. ते ज्यांच्या नावाचं आहे त्या सिडनी रिंगर यांची गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये बेडकाचं हृदय सलाईनमध्ये ठेवून ते प्रयोग करत होते आणि ते छान धडधडत राहायचं, मग कळलं की सलाईन डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं. डिस्टिल्ड पाण्यात केलं तर हृदय थांबायला लागलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा, १८८३ मध्ये त्यांनी ते छापलं.

पेशंट डिगॉक्सिनवर (हृदयाचं औषध) आहे, कॅल्शियम दिलं तर हृदय दगड होतं म्हणतात?

"स्टोन हार्ट" ही भीती जुन्या प्रयोगांतून आणि मोजक्या केसेसमधून आली. २०११ मध्ये डिगॉक्सिन टॉक्सिसिटीच्या पेशंटचा जुना रेकॉर्ड तपासून एक अभ्यास छापला गेला, त्यात कॅल्शियम मिळालेल्यांमध्ये मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. मग व्यवहारात काय? नुसता डिगॉक्सिनवर आहे आणि पोटॅशियमने ईसीजी बिघडलाय तर कॅल्शियम अडवायचं नाही, वेळ हाताशी असेल तर पातळ करून २० ते ३० मिनिटांत द्यायचं. डिगॉक्सिनच चढलेलं असेल तर मूळ इलाज त्याची अँटिबॉडी, ती मिळाली की पोटॅशियमही उतरतं.

अरेस्ट झाला की कॅल्शियम द्यायचंच ना?

नाही, सरसकट नाही. डेन्मार्कमध्ये हॉस्पिटलबाहेर झालेल्या अरेस्टवर चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली, ३९१ पेशंट. हृदय परत सुरू झालं कॅल्शियमवाल्यांत १९ टक्के, सलाईनवाल्यांत २७ टक्के. ३० दिवसांनी जिवंत ५.२ आणि ९.१ टक्के. फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरला नाही पण कल नुकसानाकडे होता, म्हणून चाचणी मधेच थांबवली. "दे टाकून, काय बिघडतं" हे वाक्य म्हणून मला चालत नाही. पोटॅशियम वाढलेलं असण्याचा संशय, कॅल्शियम कमी असणं, मॅग्नेशियम जास्त होणं किंवा कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच्या (व्हेरापामिल, अम्लोडिपिनसारख्या बीपीच्या) गोळ्या जास्त खाल्लेल्या असणं, यात मात्र द्यायचं आणि वेळ न घालवता.

त्या गोळ्यांच्या केसमध्ये किती लागतं?

बरंच. ग्लुकोनेटचे ३० ते ६० मिली, परत परत. आणि एवढं करूनही व्हेरापामिल किंवा अम्लोडिपिन जोरात असेल तर नुसत्या कॅल्शियमने भागत नाही, व्हॅसोप्रेसर (बीपी वर आणणारी औषधं) आणि जास्त डोसचं इन्सुलिन लागतं, म्हणून आयसीयूला लवकर कळवा.

एक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून फिट येणाऱ्या) बाईला मॅग्नेशियम चालू आहे, कॅल्शियम जवळ का ठेवायला सांगतात?

कारण तोच उतारा. मॅग्नेशियम जास्त झालं की आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, म्हणजे गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडत नाही, मग श्वास मंदावतो, मग थांबतो. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली की धोका वाढतो कारण मॅग्नेशियम बाहेर जायला दुसरी वाट नाही. रिफ्लेक्स गेला तर मॅग्नेशियम बंद. श्वास दबला तर श्वासाला आधार आणि ग्लुकोनेट १० टक्के १० मिली, ३ ते १० मिनिटांत. अँप्युल आणि सिरिंज खाटेपाशी पाहिजे, कपाटात कुलपात असून उपयोग नाही, किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात श्वास थांबतो.

हातपाय वाकडे झालेत, बोटं आखडलीत, टेटनी आहे. काय करू?

आधी बघा की माणूस घाबरून भराभर श्वास तर घेत नाहीये, त्यातही बोटं अशीच आखडतात. थायरॉइडचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, कॅल्शियम खरंच कमी असेल, ईसीजीत क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचं अंतर) लांबला असेल तर ग्लुकोनेट १० ते २० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०-१०० मिलीत घालून साधारण १० मिनिटांत. हा परिणाम टिकत नाही म्हणून मागून इन्फ्युजन, ग्लुकोनेटचे १०० मिली एक लिटर सलाईन किंवा डेक्स्ट्रोजमध्ये, ताशी ५० ते १०० मिली, आणि कॅल्शियम परत परत तपासून. किती दिलं तरी वर येत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असलं की कॅल्शियम काही केल्या टिकत नाही, आणि हे तपासायचं दोन दिवस कुणाच्या डोक्यात येत नाही.

खूप रक्त चढवतोय, कॅल्शियम कधी?

मोजून. आयोनाइज्ड कॅल्शियम १.१ मिलिमोलच्या वर ठेवायचं. पिशवीतलं सायट्रेट लिव्हर साफ करते, पण रक्तस्रावाने थंड पडलेल्या, शॉकमधल्या माणसाची लिव्हर तेवढी चालत नाही. आणि वर सांगितलं तसं, वेगळ्या लाइनमधून.

लहान मुलांचा हिशोब?

वजनावर. १० टक्के ग्लुकोनेट किलोला ०.५ ते १ मिली, क्लोराइड किलोला ०.२ मिली, मोठ्यांच्या डोसच्या वर कधीच नाही. १२ किलोचं मूल असेल तर ग्लुकोनेट कमीत कमी ६ मिली, क्लोराइड फक्त २.४ मिली. क्षारांची अदलाबदल इथे किती महागात पडेल ते दिसतंच. हृदयाचे ठोके ऐकत किंवा बघत द्यायचं, मंदावले की थांबायचं. नवजात बाळाच्या नाळेच्या धमनीतून कधीच नाही.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडने भाजलंय, तिथेही कॅल्शियम?

हो, भरपूर पाण्याने धुवून झाल्यावर २.५ टक्के ग्लुकोनेटची जेल चोळायची. कातडीखाली टोचायची वेळ आली तरी ग्लुकोनेटच, क्लोराइड कधीही नाही. आणि भाजलेली जागा मोठी असेल तर रक्तातलं कॅल्शियमही झपाट्याने पडतं, मॉनिटर लावा.

अँप्युलमध्ये बारीक खडे दिसतायत, हलवून वापरू?

नको, बाजूला ठेवा. ग्लुकोनेटचं द्रावण इतकं घट्ट असतं की त्यात स्फटिक पडू शकतात. उजेडासमोर धरून बघायची सवय लावा, आणि धरलंच आहे तर नावही वाचा. कारण ट्रॉलीच्या त्याच खणात कधीकधी पोटॅशियम क्लोराइडचीही तशीच बिनरंगी १० मिलीची अँप्युल पडलेली असते, आणि पोटॅशियम वाढलेल्या माणसाला ती गेली तर पुढे करायला काही उरत नाही. आमच्याकडे दोघांचे खण आता वेगळे आहेत, पोटॅशियम कुलपात. सिरिंजमध्ये भरल्या भरल्या तिच्यावर क्षाराचं पूर्ण नाव, मिली आणि वेळ लिहायची, "कॅल्शि." असं अर्धवट नाही.